तुरीच्या दिवसांतली टेप

तूर निघायला लागली की कारंज्याच्या हवेला एक वेगळाच वास येतो. वाळलेल्या तुराट्यांचा, शेंगांच्या फोलांचा, मळणीयंत्राच्या तेलाचा आणि मातीचा मिळून झालेला. बाजाराकडे जाणारे ट्रॅक्टर दिवसभर घरावरून जातात आणि कुटाराची बारीक धूळ खिडकीच्या गजांवर येऊन बसते. बायको खिडक्या लावत फिरते, मी तिच्या मागून त्या उघडत फिरतो. "दमा होईल तेव्हा समजेल," ती म्हणते. तिचं खरं आहे. पण या धुळीशिवाय माझं गाणं ऐकणं सुरूच होत नाही, त्याला मी काय करू?

बारा महिने गाणं ऐकणाऱ्यांतला मी नाही. पावसाळ्यात माझे गुडघे बोलतात, उन्हाळ्यात डोकं बोलतं, त्यात तिसऱ्याचं कुठे ऐकणार? माझा ऐकण्याचा हंगाम एकच, तुरीचा. सकाळचं ऊन गच्चीवर आलं की खुर्ची टाकायची, फोनमधलं एखादं जुनं ध्वनिमुद्रण लावायचं आणि डोळे मिटायचे. शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो, त्यामुळे डोळे मिटले की मला जास्त दिसतं. परवा एका बाईंचं ऐकत होतो. फार जुनं मुद्रण, मागे तव्यावर काहीतरी तडतडल्यासारखी खरखर. त्या बाई एका सुरापर्यंत जायच्या, त्याच्यापाशी थांबायच्या आणि त्याला हात न लावता परत फिरायच्या. पुन्हा जायच्या, पुन्हा परत. माझ्या तोंडून मोठ्यानेच निघालं, "जिना चढून वर जाते, कडी वाजवत नाही आणि उतरून येते."

"कोण?" खालून बायकोने विचारलं. "कोण आलंय जिन्यात?"

कोणी नाही, म्हणालो. खरं म्हणजे हे वाक्य जिच्याकडे गेलं तिच्यासाठी नव्हतंच. ते नामदेवसाठी होतं. नामदेवला जाऊन आता ही तिसरी तूर. गाणं ऐकून झालं की त्याला सांगायची सवय मात्र अजून जात नाही, आणि न सांगितलेलं गाणं माझ्या अंगात नीट मुरत नाही.

नामदेव रिठदचा. मी तिथल्या शाळेत नवा नवा लागलो तेव्हा त्याच्या घराशेजारी खोली घेऊन राहत होतो. तो रिसोडला पंचायत समितीत कारकून होता आणि शेती त्याचे थोरले भाऊ बाबाराव पाहत. त्यांच्या घरात गाणं आधीपासूनच होतं. जयंतीच्या गाण्यांना बाबाराव पेटीवर बसत, आणि त्यांची बोटं एकदा चालायला लागली की मिरवणुकीतली म्हातारी माणसंही ताठ चालत. रेडिओवरचं शास्त्रीय गाणं मात्र दोघा भावांना असंच, चाळा म्हणून सापडलेलं. कोणी शिकवलं नाही, कोणी नावं सांगितली नाहीत. त्यामुळेच बहुधा नामदेवने तो नियम केला. गाणं ऐकून झाल्यावर रागाचं नाव घ्यायचं नाही, गवयाचं नाव घ्यायचं नाही. फक्त काय दिसलं ते सांगायचं.

"राग कोनता, घरानं कोनतं, हे सांगाले दुनिया बसली हाय," तो म्हणायचा. "तुले काय दिसलं ते सांग, मास्तर. काईच दिसलं नसन तर चूप राह्य."

चूप राहणं मला कधी जमलं नाही. मी लांबलचक सांगायचो, ढग, सावल्या, रंगांच्या पेट्या. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी दोन शब्दांत माझं पाणी उतरवायचा. एका सतारीवर मी चांगली अर्धी पेन्सिल झिजवल्यासारखा बोललो होतो. नामदेव म्हणाला, "चिमन्या दान्यावर आल्या, अन कुत्र्यानं उडवल्या." संपलं. त्यानंतर ती सतार मला दुसरी कशी ऐकूच येईना. पुढे माझी बदली कारंज्याला झाली, मी इथेच घर बांधलं, पण ते चालू राहिलं. आधी पत्रांनी, मग फोनने. गेल्या काही वर्षांत तर आम्ही दोघं एकच मुद्रण एकाच सकाळी लावायचो, तो रिठदला आणि मी इथे. ते संपलं की त्याचा आवाज फोनवर यायचा, "बोल, काय दिसलं?"

पण आमचं सगळ्यांत जवळचं गाणं फोनमधलं नव्हतं. ते एका कॅसेटवर होतं, आणि ती कॅसेट आम्ही तुरीच्या खळ्यावर उतरवून घेतली होती.

ती मुळात जऊळक्याच्या स्टेशनमास्तरांची. नामदेव कशाला तरी तिकडे गेला आणि त्यांच्या खोलीवर त्याने ती थोडीशी ऐकली, चहा पिता पिता, गाडीच्या धडधडीत. स्टेशनमास्तरांची बदली झाली होती, सामान बांधलेलं होतं. "एक दिवस नेतो," म्हणून नामदेव हाता-पाया पडून घेऊन आला. वर कागद नव्हता, नाव नव्हतं. गावात वीज गेलेली, कधी येईल याचा पत्ता नाही. एक टेप त्याची होती, एक माझी. दुकानात सेल मिळाले ते एकाच टेपला पुरतील एवढे. बाबाराव खळ्यावर होते, तूर झोडपणं सुरू होतं, ते सोडून त्यांना येता येईना, आणि त्यांच्याशिवाय ऐकायचं नाही हे तर ठरलेलंच. म्हणून आम्ही दोन्ही टेप घेऊन खळ्यावर गेलो. बाभळीखाली पोतं अंथरलं, दोन्ही टेप तोंडाला तोंड लावून ठेवल्या आणि कॅसेट सुरू करायच्या आधी मोठा विचार करून ठरवलं की नवे सेल कशात घालायचे.

ज्याच्यात उतरवायचं, त्याच्यात. हे आम्हाला इतकं उघड वाटलं की दुसरा विचार मनातही आला नाही. जपायची वस्तू तिथे तयार होणार, तर नवं सामान तिथेच नको का? जुने, दमलेले सेल बाबारावांनी खळ्यावरच्या पत्र्यावर उन्हात ठेवले होते. सेल उन्हात तापवले की त्यांत थोडा जीव येतो, हे तेव्हा कोणालाही ठाऊक होतं. चटके देणारे ते सेल नामदेवने फडक्यात धरून वाजणाऱ्या टेपमध्ये घातले. मग बाबारावांनी माणसांना खळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं आणि बजावलं, "आता कोनी बोलू नोका."

आणि तो आवाज सुरू झाला. जड, खोल, सावकाश. एकेक सूर असा यायचा की जणू त्याला यायचंच नाही, पण कोणीतरी आत वाट पाहतंय म्हणून येतोय. लांबून तुरीवर काठ्या पडत होत्या, धप, धप, त्यासुद्धा त्या लयीत पडत आहेत असं वाटायचं. मी वाटेकडे पाठ करून बसलो होतो, माझं लक्ष कॅसेटच्या फिरणाऱ्या चाकांवर. आलाप संपत आला असताना बाबाराव खोकले. एकच खोकला, पण मोठा. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. नामदेव हसत होता.

पुढे ती कॅसेट आम्ही किती वेळा ऐकली याला मोजदाद नाही. दरवर्षी तूर निघाली की एकदा तरी लागायचीच. त्या गाण्यावर आम्ही तिघं जेवढं बोललो तेवढं घरातल्या माणसांवरही बोललो नसू. मी म्हणायचो, ही संध्याकाळ नाही, संध्याकाळ होऊन गेल्यावर दिवा लावायचा राहून गेलेलं घर आहे. बाबाराव म्हणायचे, "या मानसाची जोडी गेली असन. बैलं गेल्याशिवाय इतकं खोल जाता येत नाई." गाणं शेवटाकडे आणखी आणखी खाली उतरत जायचं, आवाज आणखी जड, लय आणखी संथ, आणि अगदी शेवटी तो स्वतःतच बुडून जायचा. आमचं ठाम मत होतं की हे म्हातारपणातलं, सगळं गमावल्यानंतरचं गाणं आहे. नामदेव मात्र दरवर्षी एकच म्हणायचा. "हा गाऊन नाई राह्यला, मास्तर. हा कोनाची तरी वाट पाहून राह्यला."

"कोणाची?" मी विचारायचो.

"थे त्याले इचार."

बाबाराव गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. ते गेल्यावर त्या हिवाळ्यात आम्ही कॅसेट लावली आणि तो खोकला आला तेव्हा मी उठून बाहेर गेलो. नामदेव बसून राहिला. त्याने फीत मागे घेऊन तो भाग पुन्हा लावलेला मला बाहेर ऐकू आला. मला वाटलं, भावाचा खोकला ऐकतोय. भूत म्हणतात ते बहुधा असंच राहत असेल, एखाद्या फितीत, ठरलेल्या जागी, येऊन जाऊन. मला ती जागा जवळ आली की अंगावर काटा यायचा आणि तरी ती चुकवावीशी वाटायची नाही.

मग नामदेवच्या आजाराचा तो हिवाळा आला. त्याचं यकृत निकामी होत आलं होतं. वाशीमच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आणि हेही सांगितलं की आता याचं विष डोक्यात चढेल, माणूस भ्रमात बोलेल, मनावर घेऊ नका. तसंच होऊ लागलं. विकून टाकलेल्या बैलांना पाणी पाजलं का, असं तो विचारायचा. कधी चांगला बोलायचा, कधी भलतंच. मी आठवड्याला एसटीने जायचो. अंगणात तूर वाळत पडलेली असायची, आत नामदेव. त्याच्या खाटेला टेकून कमलवहिनी, त्याची बायको, शेंगा सोलत बसायच्या.

एका अशाच दिवशी त्याने ती कॅसेट मागितली. त्याच्या मुलाने कपाटावरची जुनी टेप काढली, पुसली, लावली, आणि टेपने कॅसेट खाल्ली. चुरगळलेली फीत वीतभर बाहेर आली आणि तुटली. माझ्याकडे त्याच कॅसेटवरून उतरवलेली दुसरी होती, पण ती कधीची हरवलेली. मी घर उलटंपालटं केलं, नाही सापडली. शेवटी नामदेवच्या मुलाने फोनवर शोध शोध शोधून तेच गाणं काढलं. शब्द तेच, ताना त्याच, जागा त्याच. वर गवयाचा फोटो, काळेभोर केस, कोवळा चेहरा. आम्हाला सगळ्यांना केवढा आनंद झाला! माझ्याही फोनवर ते आलं, मी इथे गच्चीवर लावलं. आवाज बारीक वाटला. पण फोनमधून सगळंच बारीक वाटतं, आणि माझे कानही आता कुठे पहिल्यासारखे राहिले आहेत?

नामदेवने थोडं ऐकलं आणि हात हलवला. "हा तो नव्हे."

"अरे, तोच आहे," मी फोनवर सांगितलं. "शब्द बघ ना."

"हा पळून राह्यला. आपला चालत होता. अन बाबाराव कुठी गेला?"

बाबाराव गेलेला भाऊ. घरात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. अखेरच्या दिवसांत माणूस गेलेल्यांना हाका मारतो, हे कोणाला माहीत नाही? त्यानंतर तो रोज ते गाणं लावायला सांगायचा, रोज अर्ध्यावर बंद करायला लावायचा आणि रोज म्हणायचा, बाबाराव आला नाही. मग एक दिवस त्याने त्याच्यासमोर बसलेल्या कमलवहिनींकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "कमल बी आली नाई अजून."

"मी हाय ना हो, इठीच हाय," वहिनी म्हणाल्या.

"नाई," तो म्हणाला. "आली नाई."

त्यानंतर तो फार बोलला नाही. तुरीचं खळं उरकायच्या आत गेला.

वहिनींनी दुसरं सगळं सोसलं. पण हे एक त्यांच्या काळजात रुतून बसलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "भाऊजी, अखेरीले त्यायनं मले ओळखलं नाई. इतकी वर्सं संसार केला, अन माह्या तोंडाकडे पाहून म्हनले, कमल आली नाई." मी म्हणालो, वहिनी, ते डोक्यात विष चढलेलं होतं, तो नव्हता बोलत. त्या म्हणाल्या, "बैलं ध्यानात राह्यले, भाऊ ध्यानात राह्यला. मीच काहून नाई राह्यली?" पुढेही रिठदला गेलो की चहा हातात देताना त्या हेच बोलायच्या. रडत नसत. नुसतं विचारत. उत्तर मिळेल अशी आशा नसलेलं माणूस विचारतं तसं.

तर या वर्षी तूर निघायला लागली तेव्हा मी माझी जुनी व्हॅन विकायला काढली. फारशी चालवली जात नाही आणि मुलगा रोज कटकट करतो. गिऱ्हाइकाला सगळं चालू दाखवावं म्हणून मेकॅनिककडे दिली. गाडीतली टेप कित्येक वर्षं मुकी पडली होती. त्याने समोरची फळी काढली, दोन तुटलेल्या वायरी जोडल्या आणि मी त्याच्याशी पैशांवरून हुज्जत घालत उभा असताना गाडीच्या पोटातून तो आवाज सुरू झाला.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू? भर दुपारी, ग्रीसच्या डब्यांमध्ये, हुज्जत अर्ध्यावर सोडून मी गाडीपासून दोन पावलं मागे सरलो. जड, खोल, सावकाश आवाज. हरवलेली कॅसेट हरवली नव्हतीच. ती या मुक्या टेपमध्ये अडकून इतकी वर्षं माझ्याबरोबर भाजी आणायला, लग्नांना, दवाखान्यात हिंडत होती. मी गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या. मेकॅनिक बाहेरून काहीतरी विचारत राहिला.

इतक्या वर्षांनी ऐकताना पहिल्या सुरालाच कळलं की नामदेव बरोबर होता. फोनमधला तो खरंच पळत होता, हा चालत होता. आधी वाटलं, गाडीचीच टेप हळू असेल. घरून भावगीतांची एक कॅसेट आणून लावली, ती अगदी नीट वाजली. मग फोनमधलं लावलं, मग पुन्हा हे. दोन वेगळी माणसं. एक तरुण, खुशीत गाणारा, आणि एक आमचा. बसल्या बसल्या मला खळ्यावरच्या पत्र्यावर तापत ठेवलेले ते सेल आठवले. वाजवणाऱ्या टेपचा दम पहिल्यापासूनच संपत आला होता. ती हळू फिरली, गवयाचा आवाज खाली उतरला, आणि नव्या सेलांच्या टेपने तो तसाच्या तसा जपून ठेवला. शेवटी शेवटी तर सेल मरतच चालले होते. जिथे तो स्वतःत बुडून जातो म्हणून आम्ही माना डोलवायचो, तिथे सेल बुडत होते. मूळ गाणं आमच्यापैकी कोणी ऐकलेलंच नव्हतं, मग कळणार कसं? ते म्हातारपण, ती गेलेली बैलजोडी, सगळं आम्हीच त्या बिचाऱ्या तरुण गवयाच्या माथी मारलं होतं.

मला हसू आलं. सांगायला नामदेव नाही हे लक्षात आलं आणि हसू तिथेच राहिलं. एवढ्यात आलाप संपत आला आणि बाबाराव खोकले.

बाबाराव कुठी गेला. अरे! तो भाऊ शोधत नव्हता, तो खोकला शोधत होता. फोनमधल्या गाण्यात तो नाही, कसा असेल? घरचे सगळे त्याच्या खाटेभोवती उभे राहून एकमेकांना डोळ्यांनी खुणा करत होते, मी फोनवरून समजूत घालत होतो, आणि तो शुद्धीत राहून एका गाण्यातली चूक दाखवत होता. मग कमल आली नाही, हे काय होतं? मी फीत मागे घेतली. खोकल्यानंतर लगेच काय आहे, हे इतक्या वर्षांत मी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. खोकला येऊन गेला की मी मनाने बाहेर पडायचो. आता काच बंद करून, कान लावून ऐकलं. काठ्यांची धपधप. मग अगदी बारीक काहीतरी किणकिणलं. मग धातूचा एक आवाज, बद्द, मातीवर टेकल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी व्हॅन घेऊन रिठदला गेलो. वहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. "गाडी इकून राह्यले होते ना, भाऊजी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वहिनी, गाडीत येऊन बसा, एक ऐकवायचं आहे.

"मले काय समजते गान्यातलं? थे तुमचं दोघायचं होतं. मी आपली चहा करणारी."

"बसा तर."

"या वयात गाडीत बसून गानं आयकू? लोक हासतीन," असं म्हणत त्या पुढच्या सीटवर बसल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, हातात सूप तसंच. मी टेप सुरू केली. पहिल्या सुराला त्यांनी सूप खाली ठेवलं. "हे बराबर हाय," त्या म्हणाल्या. "फोनात होतं थे बारीक होतं." इतक्या सहज म्हणाल्या की मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. स्वयंपाकघरातून चाळीस-चाळीस वर्षं ऐकलेलं माणूस ते.

आलाप संपत आला. मी काही बोललो नव्हतो, काही सुचवलं नव्हतं. बाबारावांचा खोकला आला, आणि वहिनींनी झटकन डोक्यावरून पदर ओढला.

ओढला आणि स्वतःच दचकल्या. "भासरे," थोरल्या दिराला म्हणतात तसं त्या हळूच म्हणाल्या. "भासरे होत ना. बाई मानूस वाटेनं येताना दिसलं का खोकलत, पदर घेता याव म्हनून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोन येऊन राह्यलं होतं तवा?"

टेपमध्ये बांगड्या किणकिणल्या. मग तो धातूचा आवाज आला.

"माही कळशी," वहिनी म्हणाल्या. "पितळी होती, बुडाशी चेपलेली. भाकरी अन पानी घेऊन गेली होती मी खळ्यावर. तुमी बसले होते बाभळीखाली, पाठमोरे. हे माह्याकडे पाहून हासत होते."

तेव्हा नामदेव हसत होता, तो मला हसतोय असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्याचं लक्ष गाण्याकडे नव्हतं, माझ्याकडे नव्हतं, भावाच्या खोकल्याकडेही नव्हतं. तो वाटेकडे पाहत होता. आणि पुढे दरवर्षी, तूर निघाली की, तो त्या गाण्यात तेवढ्यासाठीच बसून राहायचा.

"वहिनी," मी म्हणालो, "मुलाने आणलेल्या गाण्यात हे काहीच नाही. खोकला नाही, बांगड्या नाहीत. नामदेव ते सांगत होता. बाबाराव आला नाही, कमल आली नाही. हे गाणं ते नव्हे, त्यात तुम्ही येत नाही, असं."

टेप चालूच होती, गवई खाली खाली उतरत होता.

"म्हंजे त्यायचं डोकं ठिकाणावर होतं?"

"या बाबतीत तरी होतं. पक्कं होतं."

"मग बैलं?"

"बैलांचं मला माहीत नाही, वहिनी."

त्यांनी मान हलवली. एवढं खरं बोललो म्हणून बाकीचंही त्यांना खरं वाटलं असावं. पदराच्या टोकाने त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पुन्हा लावा. सगळं नोका. मी येते तेवढंच."

मी फीत मागे घेतली. आलाप आला, लांबच्या काठ्या आल्या, बाबाराव खोकले. वहिनींनी पदर सावरला. बांगड्या वाजल्या, कळशी मातीवर टेकली, आणि वहिनी समोरच्या काचेकडे पाहून मोठ्याने म्हणाल्या,

"आली ना मी. हे काय, आली."